लंकाबाईच्या नावाची पाकिटं

मंगळवार, १६ नोव्हेंबर १९९९

आज पोस्टमन दारात थांबला आणि म्हणाला, "या पत्त्यावर लंका भाऊराव साळवे कोण राहतं? पत्ता तुमचाच आहे, पण हे नाव भिंगारात कधी ऐकलं नाही. परत पाठवू का?"

मी पीठ मळत होते. तशाच हातांनी बाहेर आले. म्हणाले, "द्या. मीच ती."

"तुम्ही तर सुजाता भिंगारदिवे."

"लग्नाआधी लंका होते."

तो हसला. "म्हणजे माहेरचं पत्र आलं म्हणायचं."

माहेरी आता कोण आहे? आई गेली, अण्णा गेले, पाठीला कुणी नव्हतंच. लग्नाच्या दिवशी सासूबाईंनी सुजाता नाव ठेवलं आणि लंका मांडवातच राहिली. त्यानंतर त्या नावानं एकाच माणसानं हाक मारली, ती यांनी. तीही दार लोटून, हळू आवाजात. मी चिडले की मात्र मोठ्यानं म्हणायचे, "लंका पेटली, बादली आणा रे कुणीतरी." ते गेल्याला गेल्या जुलैत वर्ष झालं.

पाकिटावर ते नाव छापलेलं पाहिलं आणि सगळं पीठ पाकिटाला लागलं. आधी वाटलं, पोराचं पत्र, प्रवीणचं. पण तो हातानं लिहितो, आणि तो मला लंका कशाला म्हणेल?

पत्र इंग्रजीत आहे. मला इंग्रजी अक्षरं लावून वाचता येतात, अर्थ लागत नाही. उद्या सहादेवभाऊंकडे नेते. भाकरी करपली ती करपलीच. तशीच खाल्ली.

बुधवार, १७ नोव्हेंबर

सहादेवभाऊ लष्कराच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेत. पुढच्या खोलीत एसटीडीचा बूथ टाकलाय. फोनवर ते असतात आणि बोलण्याचं काम त्यांच्या बायकोचं, छबूबाईचं. पत्र त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं.

"वहिनी, पुण्याची कुठलीशी कंपनी आहे. म्हणतात, तुमच्या नावानं कॉम्प्युटरवर खातं उघडलंय. इंटरनेटवरून पैसे द्यायचे-घ्यायचे. बँकेत जायला नको, पासबुक नको. तुम्ही उघडलंय का?"

"मी घरातला बल्बसुद्धा स्टुलावर चढून बदलते. मी कुठलं इंटरनेट उघडते?"

"मग ही फसवणूक आहे. आधी म्हणतात तुमचं खातं आहे, मग म्हणतात सही द्या. चुलीत घाला."

छबूबाई म्हणाली, "यांना सगळ्यात फसवणूक दिसते. मला बघायला आले तेव्हा मामांना विचारत होते, दाखवली तीच मुलगी मांडवात येईल ना."

"आणि तीच आली," सहादेवभाऊ म्हणाले. "माझं म्हणणं कुणी ऐकलं नाही."

चुलीत घातलं नाही. घरी आणलं. फसवायचं तर सुजाता भिंगारदिवेला फसवतील. पेन्शन तिच्या नावावर येते, रेशनकार्ड तिचं आहे. लंकेकडे काय आहे? लंका कुणाला माहीत आहे?

एकच माणूस. मला हे लिहायलासुद्धा धीर होत नव्हता, पण सकाळपासून डोक्यात तेच आहे. यांनी तर काही करून ठेवलं नसेल ना?

गुरुवार, १८ नोव्हेंबर

आज यांची ट्रंक उपसली. हे डेपोत गाड्यांवर नंबर रंगवायचे. ब्रश निघाले, केस ताठ झालेले. पिवळ्या रंगाचा डबा निघाला, वर साय धरलेली. अंगातला खाकी शर्ट निघाला. तो मी परत घडी करून ठेवला. कागद काही निघाला नाही.

पण आठवलं. शेवटच्या वर्षी डेपोत कॉम्प्युटर आला होता. त्याच्या टेबलावर नंबर रंगवायला यांनाच बोलावलं. घरी येऊन म्हणाले, "आता सगळे कागद त्या डब्यात जाणार. माणसाचं नाव एकदा आत गेलं की पुसायचं नाही." मी म्हणाले, तुमचं रंगवलेलं तरी कुठे पुसतं? त्यावर किती खूश झाले होते.

नाव आत गेलं की पुसायचं नाही. असं कुणी उगाच म्हणतं का?

दिवसभर हाताला काम सुचेना. आमटीत मीठ दोनदा पडलं. बरं वाटत होतं पण. खूप दिवसांनी.

शनिवार, २० नोव्हेंबर

छबूबाई म्हणते, तू हल्ली गुणगुणतेस. मी म्हणाले, घशात खवखव आहे.

ही वही मी यांच्यामागं लिहायला घेतली. लिहायला शिकले ती गोष्ट जुनी. प्रवीण पहिलीत होता, संध्याकाळी मी त्याच्याशेजारी बसायचे आणि त्याच्याच पाटीवर गिरवायचे. तो पुढे, मी मागे. पहिलं पूर्ण नाव लिहिलं ते लंका भाऊराव साळवे. सासरचं नाव सुचलंच नाही. हे कामावरून आले, पाटी पाहिली आणि दारातच हसत सुटले. त्यांचं ते हसणं मला अजून ऐकू येतं. नंतर त्यांनी माझ्या बसायच्या पाटाच्या खालच्या बाजूला पिवळ्या रंगात लहानसा 'लं' काढला. सासूबाईंना दिसू नये म्हणून खाली. तो अजून आहे. आज पाट उलटा करून फडक्यानं पुसला.

प्रवीणची आठवण काढली की थांबवत नाही, म्हणून काढत नाही. पण आज आली आहे तर लिहिते. यांच्या जागी डेपोत त्याला घ्यायला तयार होते. तो म्हणाला, मला नंबर रंगवायचे नाहीत, मला कॉम्प्युटर शिकायचाय. यांच्यामागं पुण्यानुमोदनाचा विधी झाला त्या दिवशी चारचौघांत मोठ्या दिरांनी त्याला नाही नाही ते बोलून घेतलं. तो गेला पुण्याला. दोन पत्रं आली. दुसऱ्यावर पत्ता नव्हता. मग तेही बंद. कुठे आहे, काय खातो, कळत नाही. सुखरूप आहे एवढं कुणी सांगितलं तरी मला पुरे.

गुरुवार, २५ नोव्हेंबर

दुसरं पाकीट आलं. हे चारही बाजूंनी चिकटवलेलं आहे, आत काळा कागद. उन्हात धरलं तरी काही दिसत नाही.

सहादेवभाऊंनी वरचं वाचलं. आत खात्याचा गुप्त आकडा आहे. ज्याचं खातं त्यानंच उघडायचं, दुसऱ्याला दाखवायचं नाही.

"आता बघा," ते म्हणाले, "ही किल्ली पाठवली. उद्या दार दाखवतील. परवा तुम्ही आत, आणि बाहेरून कडी."

छबूबाई म्हणाली, "उघड ना. कोपरा तरी फाड."

मला उघडावंसं वाटलं. खोटं कशाला लिहू? वाटेवर दोन वेळा थांबले. पण खातं माझं आहे का तेच ठरलेलं नाही, तर किल्ली माझी कशी? तांदळाच्या डब्यात खाली खुपसून ठेवलं. भात लावताना हाताला लागतं.

रविवार, २८ नोव्हेंबर

श्रीरामपूरहून मोठे दीर आले, पुंजारामदादा. जय भीम म्हणून चप्पल काढायच्या आत विचारलं, "काय गं सुजाता, सूर्यभाननं तुझ्या नावानं पैका ठिवलाय म्हनं?"

बातमी श्रीरामपूरपर्यंत कुणी पोचवली ते मी छबूबाईला विचारणार नाही. तिला फोन फुकट पडतो.

"माहीत नाही, दादा. पत्रं आलीत."

"मंग त्यात इचार कसला? आकडा काढ भाईर. लंका म्हनून सही ठोक. घरचंच हाय न्हवं?"

"यांचं आहे हे कुठं कळलंय अजून?"

"तुला लंका म्हननारा दुसरा कोन हुता? आमालाबी आठवत न्हवतं." मग चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "लई शानपना करू नगं. पोरगं घालवलंस, आता ह्येबी घालव."

मी त्यांना कधी उलट बोलले नव्हते. आज बोलले. "पोरगं मी नाही घालवलं, दादा. चार माणसांत त्याला बापाच्या जिवावर उठलेला म्हणाला ते तुम्ही. मी तेव्हा रडत होते म्हणून गप्प होते. आता रडत नाही."

त्यांनी बशी उचलून उरलेला चहा संपवला. निघताना दारात म्हणाले, "काय कागुद बिगुद आला त्याचा?"

"नाही."

"आमच्या अश्विनीच्या लग्नात लई लोकांनी इचारलं. परवीन कुठं हाय म्हनून." आणि एसटीला गेले. पाकिटाचं परत काढलं नाही.

बुधवार, १ डिसेंबर

तिसरं पत्र. आता मात्र गंमत राहिली नाही.

सहादेवभाऊंनी शब्द न् शब्द मराठीत सांगितला. खात्याला तुमचं नाव जोडलेलं आहे, तुम्ही अजून कळवलं नाही. सोबत छापील कागद आहे. खातं ओळखीचं असेल तर एका चौकोनात खूण करून सही करा. ओळखीचं नसेल तर दुसऱ्या चौकोनात. पंधरा तारखेपर्यंत काहीच आलं नाही तर खातं बंद करू.

"बरं झालं," ते म्हणाले. "ओळखीचं नाही, यावर खूण करा आणि मोकळ्या व्हा. हे एवढं तरी सरळ लिहिलंय त्यांनी."

"आणि मग?"

"मग बंद."

त्यांना वाटलं, बंद म्हणजे कटकट मिटली. मला वाटलं, बंद म्हणजे परत कुणी लंका म्हणणार नाही. ओळखीचं आहे म्हटलं तर ते खोटं. नाही म्हटलं तर यांनी जे काही ठेवलं असेल त्यावर मीच माती टाकायची. कागद पाटाखाली ठेवलाय आणि पाटावर बसून जेवले.

सोमवार, ६ डिसेंबर

विहारात जाऊन आले. मेणबत्ती लावली. पांढऱ्या साड्यांची एवढी गर्दी, तरी सगळं शांत होतं. बाबासाहेबांच्या फोटोपुढे हात जोडले आणि मनात आलं, या माणसानं आयुष्यभर आम्हाला विचारायला शिकवलं आणि मी तीन पत्रं हातात घेऊन नुसती अंदाज करत बसले आहे. ज्यांनी पाठवलं त्यांनाच विचारावं. पत्राच्या खाली फोन नंबर आहे. माझ्या डोक्यात हे आधी का आलं नाही?

आलं होतं. विचारलं तर कळेल म्हणून विचारलं नाही. कळलं की यांचं नाही, तर मग?

तरी विचारणार.

गुरुवार, ९ डिसेंबर

फोन लागला नाही. सारखा गुंतलेला. एकदा लागला तर एक बाई इंग्रजीत बोलत राहिली. मी "अहो ऐका, अहो ऐका" म्हणत होते. सहादेवभाऊ काचेबाहेरून खुणा करत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "वहिनी, ती टेप होती." छबूबाई हसून हसून स्टुलावरून घसरली. मलाही हसू आलं. उद्या परत.

शुक्रवार, १० डिसेंबर

जसं झालं तसं सगळं लिहून ठेवते. एकही शब्द हरवायला नको.

सकाळी बूथ उघडल्याबरोबर गेले. टेप वाजू दिली. सहादेवभाऊंनी सांगितलेलं बटण दाबलं. तिकडून मुलगी म्हणाली, "नमस्कार, शुभांगी बोलतेय, काय मदत करू?"

मी म्हणाले, "आधी मला हे सांग बाई, तुम्ही मला लंका का म्हणता?"

तिनं खात्याचा नंबर विचारला. मी पत्रावर बोट ठेवून एकेक आकडा सांगितला. बटणं दाबल्याचा आवाज येत होता.

"हं. सापडलं. मावशी, तुम्ही लंका साळवे का?"

"होते. हे खातं कधी उघडलंय?"

"याच ऑक्टोबरमध्ये."

याच ऑक्टोबरमध्ये. हे गेले ते गेल्या वर्षीच्या जुलैत. म्हणजे यांनी काही ठेवलं नव्हतं. एवढे दिवस मी जे गुणगुणत होते ते सगळं एका शब्दात संपलं. बूथमध्ये मीटरचे आकडे पळत होते ते बघत राहिले.

"मावशी, आहात ना? एक मिनिट थांबा, इथे काहीतरी गडबड आहे." परत बटणं. मग ती कुणाशी तरी बोलली. परत फोनवर आली तेव्हा तिचा आवाज ओशाळला होता. "मावशी, चूक आमची आहे. खात्याला दुसरं कुणी जोडलेलंच नाही. लंका साळवे हे नाव फॉर्मवर आहे, पण ते एका प्रश्नाचं उत्तर आहे. खातेदार पासवर्ड विसरला तर त्याची ओळख पटवायला आम्ही एक गुप्त प्रश्न विचारतो. उत्तर फक्त त्यालाच माहीत असतं. लोक बहुतेक नुसतं आडनाव लिहितात. यांनी नाव, वडलांचं नाव, आडनाव सगळं लिहिलंय. त्यामुळे आमच्या माणसाला वाटलं की ही दुसरी खातेदारच आहे. आणि घरचा पत्ता म्हणून भिंगारचा दिला होता, तिथे पत्रं पाठवली."

"प्रश्न कुठला?"

"ते सांगता येत नाही, म्हणजे..." ती थांबली. मग म्हणाली, "हा प्रश्न सगळ्यांनाच असतो, फॉर्मवर छापलेला. सांगायला हरकत नाही. आईचं माहेरचं नाव."

मी पत्रावरच्या नावावर बोट ठेवलं.

"मावशी? खातेदाराचं नाव मात्र मला खरंच सांगता येणार नाही, नियम आहे."

"मी कुठं विचारलं? मला माहीत आहे."

ती हळूच म्हणाली, "तुमचं नाव आम्ही पत्त्यातून काढून टाकतो. खातं चालू राहील. आणि तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल..."

"त्रास नाही झाला. पत्त्यातून काढ, पण उत्तरातून काढू नको. ते काळं पाकीट आलंय ते मी उघडलेलं नाही. तसंच परत पाठवते."

"बरं झालं उघडलं नाही. मावशी, खातेदाराचा फोन आमच्याकडे आहे. ही चूक त्यांना कळवावीच लागेल. तुमचा काही निरोप देऊ?"

किती गोष्टी तोंडाशी आल्या. जेवतोस का. काकांनी तुझी चौकशी केली. इतके दिवस कुठे होतास. तुला रंगवायचं नव्हतं तर नव्हतं, त्यात काय. मीटर पळत होतं. मी म्हणाले, "सांग, उत्तर बरोबर आहे."

"एवढंच?"

"एवढंच. आणि छबूबाईचा फोन नंबर तोच आहे म्हणावं."

बाहेर आले तर सहादेवभाऊ उभेच होते. "फसवणूक ना?" म्हणाले. मी म्हणाले, "नाही भाऊ. प्रवीण पुण्यात आहे. सुखरूप आहे. फॉर्म भरतो." ते खाली बसले. छबूबाईनं डोळ्याला पदर लावला आणि त्यांनाच ओरडली, "बसता काय, पाणी द्या तिला."

घरी येऊन पाट उलटा केला. मग आठवलं. मी यांचंच हसणं ऐकत बसले होते, म्हणून हे आठवलंच नव्हतं. पाटी कुणाची होती? पाट उलटा करून गाडी गाडी कोण खेळायचं? एकदा त्या पिवळ्या अक्षरावर बोट ठेवून त्यानं विचारलं होतं, "आई, हे लं कुणाचं?" मी म्हणाले, "माझं. जुनं नाव आहे." तर म्हणाला, "मग तू जुनी आई का?" नंतर कितीतरी दिवस भूक लागली की ओरडायचा, जुनी आई, भाकर दे. सासूबाई रागवल्यावर बंद झालं.

यांनी ठेवलेलं म्हणजे तेवढंच, पिवळ्या रंगातलं. ते प्रवीणनं फॉर्मवर लिहिलं.

शनिवार, ११ डिसेंबर

काळं पाकीट रजिस्टरनं परत पाठवलं. पोस्टमन म्हणाला, "लंकाबाई गेल्या का?" मी म्हणाले, "आहेत इथंच."

दिवसभर कान बूथकडे. फोन वाजला की उठते. सगळे दुसऱ्यांचेच. छबूबाई प्रत्येक वेळी दारातून हात हलवून नाही म्हणते.

रविवार, १२ डिसेंबर

दुपारी धुणं वाळत घालत होते. छबूबाईची हाक आली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. "सुजाता, पुण्याहून कुणीतरी आहे. लंकाबाईला द्या म्हणतोय. राँग नंबर म्हणून ठेवू का?"

"ठेवू नको," म्हणाले आणि ओला टॉवेल खांद्यावर तसाच घेऊन पळाले. चप्पल घातली नव्हती हे परत येताना कळलं.

सहादेवभाऊंनी फोन हातात दिला, बूथचं दार लावलं आणि स्वतः पाठ करून उभे राहिले. मी हॅलो म्हणाले. तिकडून नुसता श्वास. मी फोन दोन्ही हातांनी धरला.

मग आवाज आला, जाड झालाय आता, बापासारखा.

"जुनी आई आहे का घरात?"

आहे, म्हणाले.